राक्षस काय बोलतोय?

मी दातांची डॉक्टर आहे. दादरला माझा दवाखाना आहे. लोक माझ्यासमोर दिवसभर तोंड उघडतात, पण बोलू शकत नाहीत, कारण नेमका तेव्हा माझा हात त्यांच्या तोंडात असतो. मी मात्र सारखी विचारत असते. मुलगी कुठल्या कॉलेजात, चाळ पुनर्विकासाला गेली का, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का. समोरून ‘आँ-आँ’ येतं, त्याचा मी मला हवा तो अर्थ लावते आणि पुढचा प्रश्न टाकते. नवरा म्हणतो, तुला पेशंट नकोत, साक्षीदार हवेत. म्हणू दे. नसत्या चौकशा केल्या नसत्या तर ही गोष्ट मला कळलीच नसती.

गेल्या वर्षी एक बाई दाढ भरायला आल्या. काय करता, म्हणून विचारलं. जुन्या सिनेमांची रिळं साफ करून जपणाऱ्या एका संस्थेत त्या कामाला होत्या. मी लगेच म्हटलं, “माझे आजोबा मूकपटात होते हं!” हे मी सगळ्यांना सांगते. लोक “हो का?” म्हणतात आणि विषय परत दाढेवर येतो. या बाईंनी मात्र माझा हात बाजूला केला आणि उठून बसल्या.

“कुठल्या सिनेमात?”

आता आली का पंचाईत! कुठल्या सिनेमात ते आमच्यात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. घरात फक्त ‘हिरो होते’ एवढंच म्हटलं जाई, तेही अशा थाटात की पुढे काही विचारायची सोय नसे. मग मला जे माहीत होतं ते मी त्यांना सांगितलं. दाढ तशीच राहिली.

आजोबा मालवणकडचे. गावच्या जत्रेत दशावतारात तोंडाला रंग लावलेला, बाकी शिक्षण बेताचं. मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. तिथे एका छपराखाली एवढे माग खडखडत असत की शेजारी उभा असलेला माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नसे. म्हणून साचेखात्यातली माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ मोठे करून हलवायचे, आणि समोरच्याने ते बघून समजून घ्यायचं. चार मागांपलीकडच्या माणसाकडे तंबाखू मागता येई, गावाकडची बातमी सांगता येई, आणि मुकादमाची पाठ वळली की त्याच्या नावाने लाखोलीही वाहता येई.

दशावतारातला चेहरा आणि साचेखात्यातले ओठ. दादरच्या एका सिनेमा कंपनीने असा माणूस उचलला यात मला तरी नवल वाटत नाही. आवाजाशिवाय बोलणारा नटच त्यांना हवा होता.

पण पहिल्याच मोठ्या कामात घोटाळा झाला. हा किस्सा माझे वडील रंगवून सांगत. आजोबांना राजाच्या प्रधानाचं काम होतं आणि त्यात विष पिऊन मरायचं होतं. कॅमेरा अगदी तोंडाशी आणलेला. मूकपटात संवाद पाटीवर लिहून दाखवायचे, त्यामुळे नटाने तोंडाने काय म्हणायचं याची कोणाला फिकीर नसे. आजोबा बदली कामगाराला तासाभरापुरताच आपल्या मागावर उभा करून आलेले, आणि कंपनीवाले मरायचा प्रसंग परत परत घेत होते. तेव्हा त्यांनी छाती धरली, डोळे फिरवले, आणि मरता मरता म्हणाले, “आटपा रे मेल्यांनो, थय माझो साचो उभो आसा!”

गिरगावात सिनेमा लागला तेव्हा या प्रसंगाला बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. परळला लागला तेव्हा त्याच प्रसंगाला पडद्यासमोरचं सगळं स्वस्त पीट खदाखदा हसलं. पिटात बसलेले सगळे साचेवाले! त्यांनी ओठांवरचं अक्षर अन् अक्षर वाचलं होतं. कंपनीच्या मालकाला काही उमगेना. एकाच मरणावर इथे रडतात आणि तिथे शिट्ट्या मारतात, हे काय गौडबंगाल आहे म्हणून तो स्वतः परळला येऊन बसला. कोणीतरी त्याला समजावून सांगितलं. तेव्हापासून आजोबांना बहुतेक दाढीमिशीतली कामं मिळू लागली. साधू, भिल्ल, म्हातारा सरदार, ज्यांचे ओठ दिसत नाहीत असे.

पुढे बोलपट आले. मालवणी हेल काढून बोलणारा सरदार कोणाला नको होता. आजोबा मुकाट्याने मागावर परतले आणि लालबागला कामगारांच्या नाटकांत उभे राहिले ते शेवटपर्यंत.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आमच्याकडे एका पौराणिक सिनेमाचा तुकडा आला आहे. तीन-चार मिनिटांचाच आहे, बाकीचं सगळं गेलं. त्यात एक राक्षस आहे. राजाच्या मुलाला पळवून नेतो. आम्हाला सगळ्यांना एकच कोडं पडलंय, की हा राक्षस सारखा बडबडतोय. एकही पाटी नाही, प्रसंगात बोलायचं काही कारण नाही, आणि याचं तोंड काही बंद होत नाही.”

मला दाढ भरायला सुचेना. तो तुकडा त्यांच्या फोनवर होता, तो बघितला. नखाएवढा राक्षस, डोक्यावर जटा, तोंडात सुळे. हे आजोबा की आणखी कोणी, मी कसं सांगणार? माझ्या आठवणीतले आजोबा म्हणजे गॅलरीत उघडेबंब बसलेले, पिकल्या केसांचे म्हातारे. त्यांच्या तरुणपणीचा एकुलता एक फोटो आहे, त्यात ते तोंड घट्ट मिटून उभे आहेत.

पण हे ओळखणारं एक माणूस होतं. माझी आत्या.

आत्या आजोबांची धाकटी मुलगी, नव्वदीला टेकलेली. काळाचौकीला त्याच चाळीत त्याच खोलीत राहते. दोन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि दोन्ही कान गेले. लग्न केलं नाही, गिरगावात एका शिंप्याकडे काज-बटणं करत जन्म काढला. ती बोलते. आवाज सपाट आणि मोठा, कारण तो तिला ऐकू येत नाही. आणि ओठ वाचते ते असे की समोरच्याने तोंडावर हात धरला तर तिला राग येतो. हे सगळं तिला आजोबांनी शिकवलं. दुसऱ्या कोणाच्या घरात मुलगी अशी बहिरी झाली असती तर आईबाप ओरडून ओरडून थकले असते. इथे बाप साचेवाला. त्याने घरातही साचेखात्यातलं बोलणं सुरू केलं. मला आठवतं, ते गॅलरीच्या त्या टोकाला आणि आत्या या टोकाला, आणि दोघं बिनआवाजाच्या गप्पा मारत बसायची. मध्ये आम्ही मुलं खेळत असायचो, आम्हाला पत्ता नसे.

नाटकातही तेच. आत्याला ते पहिल्या रांगेत डावीकडच्या कोपऱ्यात बसवत आणि आपली सगळी वाक्यं त्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणत. राजाशी भांडण असो की बायकोची मनधरणी, तोंड डावीकडे! बघणाऱ्यांना वाटे ही त्यांची लकब. लालबागची पुढची हौशी पोरंही म्हणे मान डावीकडे टाकून भाषणं ठोकायला लागली. मला या गोष्टीचं अजून हसू येतं.

लहानपणी मी आत्याला एकदा विचारलं होतं, “काळोखात तुम्ही दोघं कसं बोलायचात?” ती म्हणाली होती, “काळोखात झोपायचा.” चौकशा करणाऱ्या पोरीला असं उत्तर मिळालं की ती गप्प बसते. मीही बसले.

आता हाच प्रश्न फिरून आला होता, आणि तो मी विचारला नव्हता, तिने विचारला होता. आत्याच्या डोळ्यांचा मधला भाग काळा पडत चालला आहे. आपण जिथे नजर लावतो नेमकं तिथलंच दिसेनासं होतं. कडेचं अंधुक दिसतं. करोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा ती दोन वर्षं जणू खोलीत बंद होती. मास्क उतरले, तोवर डोळे बिघडायला लागले. डॉक्टर डोळ्यांत इंजेक्शनं देतात, त्याने काही काळ रेटेल म्हणतात. डॉक्टरांकडून बाहेर पडताना तिने मला जिन्यात थांबवलं आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, “डोळे गेले काय माझ्याशी कोण, कसा बोलतला?” जिन्यातली माणसं वळून बघायला लागली. मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून बघितली. चार अक्षरांत ती वैतागली. “ह्या बोलणा नाय, ही शाळा,” म्हणाली. मला त्या दिवशी फार भीती वाटली. तिलाही वाटत होती, पण तिने ती बोलून दाखवली, मी नाही.

राक्षसाचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दिसता हा तवर दाखव.”

संस्थेची जागा गिरगावात, खोताच्या वाडीच्या जवळ, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आम्ही टॅक्सीने गेलो. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि चेहऱ्याला पावडर लावली होती. “बाबाक बघूक जातंय,” असं तिने शेजारणीलाही सांगून ठेवलं होतं. राक्षस दुसराच कोणी निघाला तर?

बाईंनी खोलीत काळोख केला आणि भिंतभर मोठं चित्र लावलं. आत्या भिंतीकडे बघायच्या ऐवजी बाजूला दाराकडे तोंड करून बसली. बाईंना वाटलं तिला खुर्ची फिरवून हवी. मी म्हटलं, असू दे, तिला असंच दिसतं, कडेने.

आधी राजा आला. देखणा, पिळदार, उन्हात चमकणारा. सगळं उघड्यावर उन्हातच चित्रित केलेलं होतं, मंडपाचे कापडी खांब वाऱ्याने हलत होते. घरात ‘हिरो होते’ असंच ऐकलेलं, म्हणून मी आशेने आत्याला कोपर मारलं. आत्याने मान हलवली.

“ह्यो नाय. ह्येका बोलूक येणा नाय. नुसतो तोंड उघडता नि मिटता.”

मग राक्षस आला. काळं तोंड, जटा, आणि वरच्या ओठाखालून बाहेर आलेले दोन सुळे. माझं लक्ष अर्थातच सुळ्यांकडे. मेणाचे असावेत, कारण उन्हाने ते हळूहळू वाकत होते आणि डावा तर हनुवटीला टेकायला आला होता. राक्षसाने मुलाला उचलून खांद्यावर टाकलं. ओठ भराभर हलत होते.

“धावता,” आत्या म्हणाली. “धावता सगळा.”

बाईंना लगेच कळलं. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, म्हणून वेगाचा भरवसा नसतो, असं त्या म्हणाल्या. त्यांनी चित्र थोडं हळू केलं. राक्षसाची लगबग गेली, माणसासारखी चाल आली. आणखी थोडं हळू. आत्या खुर्चीत पुढे सरकली. तोंड दाराकडेच होतं.

“ह्यो माझो बाबा,” ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. कशावरून, असं मला विचारायचं होतं, पण पहिल्यांदाच मी काही विचारलं नाही. तिने परत लावायला सांगितलं, आणि मग ती बोलायला लागली. राक्षसाचे ओठ हलत तसं ती त्याचं बोलणं म्हणून दाखवू लागली, आपल्या सपाट, मोठ्या आवाजात. माझ्या बहिऱ्या आत्याने त्या मूकपटाला आवाज दिला.

राक्षस गर्जना करत होता, नाकपुड्या फुगवत होता, डोळे गरागरा फिरवत होता, आणि म्हणत होता, “रडा नको, चेडवा. तुका खावचंय नाय. ह्ये दात खोटे. आता हळू खाली सोडतंय. भायर गेल्यार खाजा देतंय.”

“चेडवा म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“पोरी,” मी म्हटलं. राजपुत्राचं काम कोणा छोट्या मुलीला दिलेलं होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं.

त्या मुलीला मात्र गोड खाजाबिजा काही पटत नव्हतं. ती भोकाड पसरून रडत होती, तोंड दुसरीकडे फिरवून. ती राक्षसाकडे बघतच नव्हती, आणि आजूबाजूला ओरडाआरडा चाललेला असणार, तिला त्याचं बोलणं ऐकू येणार कसं? तेव्हा राक्षसाने तिचा हात पकडला आणि आपल्या तोंडावर दाबला.

“आता हात खातो,” बाई म्हणाल्या. “आमच्या नोंदीत आम्ही तसंच म्हटलंय. मुलाचा हात खातो.”

दिसत तसंच होतं. राक्षस डोळे वटारून बघत होता आणि मुलीचा तळहात त्याच्या तोंडात गेल्यासारखा वाटत होता. ओठ झाकले गेले. आत्याचं म्हणणं थांबलं. मला चुटपुट लागली. नेमकी इथेच गोष्ट बुडाली, असं वाटलं.

पण जबडे बघण्यात माझा जन्म गेला आहे. मी परत लावायला सांगितलं आणि या वेळी सुळे, डोळे, जटा सगळं सोडून फक्त कानाखालचं हाड बघितलं. चावताना जबडा असा हलत नाही. हा थोडा थोडा, तुटक हलत होता, मध्येच थांबत होता, गाल आत-बाहेर होत होते.

“खात नाहीये,” मी म्हणाले. “बोलतोय. तिच्या हातात बोलतोय.”

भिंतीवरच्या मुलीचं रडणं थांबलं. तिने मान वळवली आणि राक्षसाकडे बघितलं, डोळे मोठे करून, आपल्या हाताखाली काहीतरी चाललंय याचं नवल वाटल्यासारखं. हसणार होती की काय कोण जाणे. तेवढ्यात पांढरे डाग पसरले आणि तुकडा संपला.

मी आत्याकडे वळले. भिंतीच्या पांढऱ्या उजेडात माझं तोंड नेऊन विचारलं, “पुढे काय म्हणाले असतील? हात मध्ये आला.”

आपला उजवा हात वर धरून आत्या तो बघत होती, म्हणजे त्याच्या बाजूला कुठेतरी बघत होती. मग म्हणाली, “लढाईत दिवे बंद करूक लागत. सगळी मुंबय काळी. मी ल्हान. माका वाटायचा, सगळी मरान गेली. मी बोंबलायचंय. मगे बाबा माझो हात धरायचो नि तोंडार ठेवायचो. असो.” तिने तळहात स्वतःच्या तोंडावर ठेवून दाखवला. “हातात बोलायचो. मगे लढाई सरली. दिवे इले. मगे कोणाक लागणार तो हात? मी इसारलंय.”

महायुद्धाचे दिवस सरल्यापासून ऐंशी वर्षं ती ते विसरून गेली होती. आणि मी इतकी वर्षं ‘काळोखात झोपायचा’ या उत्तरावर समाधान मानून बसले होते.

“पण आजोबा काय म्हणायचे हातात?” मी विचारलं. खोड ती खोड.

“‘घाबरा नको. मी आसंय मां.’ रोज तांच. तेका दुसरा काय सुचायचा नाय.”

बाई दिवा लावायला उठल्या. आत्याला त्यांची हालचाल कळली असावी. “दिवो नको,” ती म्हणाली. “ह्या पण बंद करा.” बाईंनी भिंतीवरचा उजेडही घालवला. खोली मिट्ट काळी झाली. मग आत्याचा हात चाचपडत आला. आधी माझ्या कानाला लागला, मग गालाला, मग तोंडावर येऊन थांबला. अंगठा हनुवटीखाली, बोटं ओठांवर, बाकीचा तळहात गालावर. सुईने टोचून टोचून राठ झालेली बोटं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालते, माझ्या तोंडावर असा हात कोणी कधी ठेवला नव्हता.

“बोल,” आत्या म्हणाली.

मला काही सुचेना. मला, जिला गप्प बसवायला आख्खं घर टेकीला येतं!

“कळतंय का तुला?” मी जोरात म्हणाले.

“बोंबलतंस कित्याक? बहिऱ्यांक ओरडून काय उपयोग?” ती म्हणाली, आणि तिचा हात जरा घट्ट झाला. “नीट बोल. बाबासारख्या.”

मालवणी मला ऐकून येते, बोलायची सवय गेलेली. मी आवाज काढला नाही. फक्त ओठ हलवले, सावकाश, मोठे करून, आजोबा गॅलरीच्या त्या टोकावरून हलवत तसे.

घाबरा नको. मी आसंय मां.

काळोखात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. बोटं मात्र एकेका शब्दाबरोबर किंचित सरकत होती, ते मला ओठांवर कळत होतं. तिने ती काढली नाहीत.

“परत,” आत्या म्हणाली.

मी परत म्हटलं.